पुजलेलं मशीन

"आज मशीन चालू करता येणार नाही, साहेब," कँटीनच्या वेणूबाई म्हणाल्या. "पूजा झालीय."

"मग बंद आहे असं धरतो," साहेब म्हणाले.

धायरीच्या त्या सरकारी पंप कारखान्यात एवढ्या एका वाक्यानं सगळे गार पडले. खंडेनवमी होती. सकाळीच मशिनं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून झाल्या होत्या. एकदा पुजलं की दसरा होईपर्यंत मशिनाला हात लावायचा नाही, हा कारखाना उभा राहिला तेव्हापासूनचा दंडक. आणि नेमका आजच सरकारनं तपासणीला माणूस धाडला होता. कुठला कारखाना ठेवायचा आणि कुठला मोडीत काढायचा, ते म्हणे हाच ठरवणार होता.

मेल्याला दुसरा मुहूर्त मिळाला नाही, मशिनावरच्या रंगनाथच्या मनात आलं. दोन वर्षं कुणी एक ऑर्डर आणली नाही, कच्चा माल दिला नाही, आणि आता दारात उभं राहून विचारतायत, चालतंय का.

"परवा या की," तो म्हणाला. "दिवसभर चालवून दावतो."

"परवा मी नागपूरला आहे."

"अहो, पण देवाचं हाय हे."

"मग देवाकडूनच चालवून घ्या. मला पाच मिनिटं आहेत."

रंगनाथच्या अंगाची लाही झाली. त्याच्या बापाची जमीन ह्या कारखान्याखाली गेली होती, आणि तिच्या बदल्यात त्याला इथली नोकरी मिळाली होती. कारखाना गेला की दोन्ही गेलं. पलीकडच्या माळावर आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या, पण तिथं त्याला फाटकावरसुद्धा कुणी उभं केलं नसतं. तो आपल्या लोखंड कातायच्या लेथकडं वळला आणि त्यानं वरची माळ तोडली.

"रंग्या, मागं हो," युनियनचे हिंमतराव म्हणाले. "बटणाला हात लावलास तर तू आमच्यातला नाहीस."

"कारखानाच नाय राहिला तर तुमच्यातला राहून काय करू? भजन?"

त्यानं बटण दाबलं. लेथ आधी खरखरला, मग झकास फिरायला लागला. फिरत्या चकवरचं कुंकू उडालं आणि त्याच्या सदऱ्यावर, हातांवर येऊन बसलं. मागं कुणीतरी शिवी हासडली. रंगनाथला तिचं काही वाटलं नाही. किती दिवसांनी तो आवाज शेडमध्ये घुमत होता.

"बघा," तो म्हणाला. "आता सांगा वर, हा कारखाना मोडायसारखा नाय म्हणून."

साहेबांनी वाकून लेथ पाहिला, कान देऊन ऐकला. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला.

"कारखान्याचं मी काय सांगणार? जागा तर गेल्या महिन्यातच विकली," ते म्हणाले. "मी फक्त मशिनांची किंमत करायला आलोय. बरं झालं चालवून दाखवलंत. बंद मशीन भंगारवाला येईपर्यंत पडून राहतं. चालू मशिनाला गिऱ्हाईक तयार असतं, दसरा झाला की उचलतील."

रंगनाथनं लेथ बंद केला. हिंमतरावांनी तुटलेली माळ उचलली आणि लेथवर परत ठेवली. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

वेणूबाई आतून गूळखोबऱ्याचं ताट घेऊन आल्या. एकेकाच्या हातावर प्रसाद ठेवत निघाल्या. साहेबांनी उजवा हात पुढं केला, त्यांनाही दिला. दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

रंगनाथनं कुंकवानं माखलेला हात पँटला पुसला आणि पुढं केला. वेणूबाई त्याच्यासमोर आल्या, ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि पुढच्या माणसाकडं गेल्या.