जिपारसाठी विलाप

"मावशीला कोणी रडायला लावू नका हं," लोकरी नमद्याच्या तंबूच्या दारातून डोकावत मेलिसने बायकांना बजावले. "परवाच तिच्या जबड्याची शस्त्रक्रिया झालीय. डॉक्टरची सक्त मनाई आहे."

तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या कालिपाने मान वळवली नाही. पडद्याआड तिची धाकटी बहीण जिपार कफनात निजली होती. बाहेर अंगणात, आपल्या आईच्या मातीला येणाऱ्यांसाठी मेलिसने कापलेली घोडी कढईत शिजत होती.

मनाई खरी होती. ती करणारी डॉक्टर, कालिपाची लेक बेगिमाय, शेजारीच बसली होती. पडलेल्या दाढेच्या जागी नवी रोवायची तर वरचे हाड फार पातळ; म्हणून हिरडी चिरून न उघडता, दाढेच्याच जागेतून बारीक छिद्र पाडून, तिने हाडावरच्या, नाकाशी जोडलेल्या पोकळीचे अस्तर हलकेच वर उचलले होते आणि त्याखाली हाडाची भुकटी भरली होती. "अंड्याच्या आतल्या पापुद्र्याइतकं नाजूक असतं हे, आई," तिने तेव्हाच ताकीद दिली होती. "नाक शिंकरायचं नाही. गळा काढायचा नाही. शिंक आलीच, तर तोंड उघडं ठेवायचं. आत दाबून धरलीस तर फाटेल."

विलाप गाण्याचा मान सख्ख्या बहिणीचा. त्या जागी मेलिसने आपल्या बायकोच्या आत्याला आणून बसवले होते. आत्याबाई गोड गळ्याने गात होत्या:

"लेकानं जपलं डोळ्यांत बाई,
उबेला कधी उणं नाही..."

ऊब! सकाळी जिपारला न्हाऊ घालायचे पाणी तापवावे म्हणून कालिपा कोळशाच्या कोठीत गेली, तर तिथे झाडून गोळा केलेली मूठभर पूड तेवढी होती. चुलीच्या राखेत खुर्चीचा अर्धवट जळलेला पाय सापडला. मेलिस सारा हिवाळा बिश्केकला होता आणि फोनवर प्रत्येकाला सांगत होता, आई मजेत आहे.

"कोठी पाहिलीस?" कालिपाने खालच्या आवाजात विचारले.

"पाहिली," बेगिमाय म्हणाली. "खुर्चीही पाहिली."

विलापात बाई जे बोलते ते कोणी अडवत नाही. सारा गाव ते ऐकून घेतो आणि पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतो. माती झाल्यावर मात्र तेच शब्द म्हाताऱ्या मावशीची कुरकुर ठरणार होते.

बाहेर गाड्या थांबल्या. वरच्या गावची माणसे आली होती. दाराशी काठ्यांवर ओणवून उभ्या असलेल्या घरच्या पुरुषांनी रिवाजाप्रमाणे हंबरडा फोडला. आता आतून बायकांचा सूर निघायला हवा होता. आत्याबाईंनी घसा साफ केला.

"सरका," कालिपा म्हणाली.

"अहो, पण तुम्हाला बरं नाही ना..."

"गळा गोड आहे हो तुमचा. घोडी शिजली की पंगतीत गा. इथून सरका."

आत्याबाई सरकल्या. कालिपाने डोक्याचा रुमाल सोडला, दोन्ही हात कमरेवर रोवले आणि छाती भरून श्वास घेतला.

मेलिस दारातून धावत आत आला. "मावशी, हट्ट करू नकोस! अगं, जबडा फाटेल तुझा!" कालिपा ऐकत नाही असे पाहून तो बेगिमायकडे वळला. "डॉक्टर ना तू? बघतेस काय नुसती? थांबव की आईला!"

साऱ्या बायका बेगिमायकडे पाहू लागल्या. तिने बाहीतून धुतलेला रुमाल काढला, उलगडला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

"तोंड उघडं ठेव, आई," ती म्हणाली. "आत दाबून धरू नकोस."