डावा हात

एकोणपन्नासाव्या वर्षी मी भूल देणाऱ्या नर्सच्या अभ्यासक्रमाला अर्ज करत होते. एका जागेला तीस अर्ज; निबंध काळजाला भिडायलाच हवा. मी लिहिलं, आयसीयूत काझमारेक आजोबा गेले तेव्हा त्यांचा डावा हात शेवटपर्यंत माझ्या हातात होता. जेवणाच्या सुट्टीत कागद व्हर्लीनपुढे ठेवला. ती आमच्याच आयसीयूतली मदतनीस. रुग्णांचं अंग पुसते, त्यांना कुशीवर वळवते, शब्दकोडी थेट पेनाने सोडवते. “स्पेलिंग तेवढं बघ ना.” “अगं बाई, या वयात शाळा? डबा कोण भरून देणार?” हसत तिने चष्मा चढवला. वाचताना हसू मावळलं. एका शब्दाभोवती गोल करून तिने कागद सरकवला. “स्पेलिंग बरोबर आहे. फक्त डाव्याचा उजवा कर. डावा प्लास्टरमध्ये होता गं. मी उजवा धरला होता.” तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला वर बघता आलं असतं.