आजीला घरी नेताना

"पेटीवर हे नाव आहे," संग्रहालयाच्या साहेबांनी दाखवलं. "जंगलची राणी."

वुसीनं नकारार्थी मान हलवली. त्याच्या खापरपणजीला आफ्रिकेतून इथं युरोपात आणून याच नावानं जत्रेत जनावरासारखं मांडलं होतं. मेल्यावर तिची हाडंही इथल्याच कपाटात राहिली. आज ती परत मिळत होती. पण हाडं पेटीत भरून नेता येतात, जीवाचं काय? तो बोरीच्या फांदीमागून चालत येतो, तेही नावानं हाक मारली तरच, अशी गावची रीत. आणि तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. वुसीनं साहेबांना हे सगळं सांगितलं.

"मग हेच नाव घ्या की," साहेब म्हणाले.

"नको हो. ती म्हणेल, आले पुन्हा नाचवायला."

वुसी खाली बसला. गावाहून आणलेली बोरीची फांदी पेटीला टेकवून हलकेच म्हणाला, "आजी, मी तुझ्या लेकीचा पणतू. चल, घरी जाऊ."

जरा थांबून तो उठला. माणसं पेटी उचलून पुढे गेली. तो फांदी सांभाळत दाराशी आला. "इथं पायरी आहे हं, आजी. सावकाश."

तो बाहेर पडला, तरी साहेब दार धरून उभेच होते, एखाद्या म्हातारीला पायरी उतरायला लागेल तेवढा वेळ.