लॅपटॉपचं झाकण

झाकण वर केलं आणि पडदा उजळला. रत्नदीप खुर्चीत ताठ झाला. चार महिन्यांत पहिल्यांदाच हा लॅपटॉप झाकण मिटून उघडल्यावर जागा झाला होता.

लॅपटॉप प्रभाकरराव सरांचा. हिंगणघाटच्या एका कॉलेजात ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. रत्नदीप सहा वर्षांपासून त्यांच्या लॅबमध्ये कंत्राटावर. २००८ साली विभागाला हा लॅपटॉप मिळाला, पण विंडोजचं लायसन्स घ्यायला संस्था तयार होईना, म्हणून रत्नदीपनं त्यात फुकट मिळणारं लिनक्स टाकून दिलं. बाकी सगळं सुरळीत चाललं, खोड राहिली ती झाकणाची. झाकण मिटलं की यंत्र झोपायचं आणि उघडलं तरी पडदा काळाच. मग बटण दाबून धरून बंद करायचं, की सेव्ह न केलेलं सगळं गेलं. परीक्षेचा अर्धा पेपर सरांनी असा दोनदा गमावला. पुढं त्यांना त्याची सवयच झाली. त्यांच्या लेखी झाकण मिटलं म्हणजे पाटी पुसली.

रत्नदीपनं मात्र पिच्छा सोडला नाही. लॅबच्या मुंगीच्या चालीच्या इंटरनेटवर तो कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांचे सल्ले वाचायचा, वहीत उतरवायचा, एकेक करून पाहायचा. एका सल्ल्यानं आवाज गेला. दुसऱ्यानं यंत्र सुरूच होईना, तेव्हा सगळं नव्यानं टाकावं लागलं. शेवटी उमगलं की यंत्र उठत होतं, पडदा तेवढा उठत नव्हता. एका फाइलीत एक ओळ हवी होती. आज सकाळी त्यानं ती लिहिली आणि सरांना सांगितलं की दिवसभर नेहमीसारखं वापरा, दुपारी येऊन पाहतो. सर फोनवर होते. त्यांनी मान हलवली, ऐकलं की नाही कोण जाणे.

आता दुपारी सर प्राचार्यांकडे गेले होते आणि मिटलेला लॅपटॉप टेबलावर होता. रत्नदीपला आधी नुसता आनंदच झाला. उद्या अकरा वाजता लॅब असिस्टंटच्या पक्क्या जागेची मुलाखत होती. समितीत सर होते, आणि तुझंच नाव आहे म्हणून दिवाळीपासून सांगत होते. आईनं, तानाबाईनं, शर्टाला इस्त्री करून तो खुंटीला लावूनही ठेवला होता. काय काम केलं असं विचारलंच, तर हेच सांगायचं, त्यानं ठरवलं.

मग पडद्यावर काय आहे याकडे त्याचं लक्ष गेलं.

तक्ता होता. वर उद्याची तारीख. मुलाखतीचे गुण, पन्नासपैकी. भूपेंद्र, म्हणजे संस्थेच्या सचिवांचा भाचा, सेहेचाळीस. रत्नदीप नत्थूजी थूल, चौदा. शेवटच्या रकान्यात त्याच्यापुढं शेरा होता : प्रत्यक्ष कामाचा अनुभव कमी.

त्यानं झाकण मिटलं. थोडं थांबून उघडलं. तक्ता जिथल्या तिथं होता. चार महिन्यांत शेकडो वेळा त्यानं हे करून पाहिलं होतं, आणि आता पहिल्यांदाच त्याला वाटलं, हे यंत्र उठलं नसतं तर बरं झालं असतं.

सर आले, तसा रत्नदीप उठून उभा राहिला. त्यांची नजर आधी पडद्यावर गेली, मग रत्नदीपवर. ते आपल्या खुर्चीत बसले. मग चष्मा काढून पुसू लागले. पुसता पुसताच म्हणाले की हे वरून आलेलं आहे, आपल्या हातात काही नाही. कंत्राट मात्र चालू राहील, तेवढं ते पाहतील.

रत्नदीपनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "अनुभव कमी काऊन लिहिला, सर?"

"काहीतरी लिहा लागते रे," सर म्हणाले. "रकाना रिकामा नाई ठेवता येत."

खाली पोरांची प्रॅक्टिकल सुटली होती, त्यांचा गलका जिन्यातून वर येत होता. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. लॅपटॉप आपल्याकडे ओढला, झाकण मिटलं, उघडलं, तक्ता आलेला पाहिला.

"उघडल्यावर पासवर्ड मागन, असं करता येते काय याले?"

"येते."

"मंग करून दे. आत्ताच."

रत्नदीप उभ्या उभ्याच वाकला. दोन मिनिटांचं काम होतं. कॉलेजातल्या झाडून सगळ्या यंत्रांचे पासवर्ड त्याच्याच वहीत होते, प्राचार्यांच्या यंत्राचासुद्धा. नवा पासवर्ड लिहायची चौकट पडद्यावर आली तशी त्यानं सवयीनं बोटं पुढं नेली. सरांनी हलकेच त्याचा हात बाजूला केला.

"तू जरा तिकडे तोंड कर," ते म्हणाले.

रत्नदीपनं तोंड फिरवलं. पाठीमागं सरांचं एकेक बोट कळा दाबत होतं. चार, पाच, सहा. समोर दार होतं. तो चालू लागला.

जिना अर्धा उतरला तेव्हा वरून सरांची हाक आली. "रत्नदीप, झालं. ये, एकदा झाकण मिटून पाह्य."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं ओ दिली नाही.