नटावरची रेघ

शनिवारी सकाळी वडिलांनी मोटरसायकल डबल स्टँडवर घेतली आणि मुलीच्या हातात पांढऱ्या रंगाचं पेन दिलं. दोघांची कामं ठरलेली होती. वडील टॉर्कच्या पान्याने नट आवळायचे. हवा तेवढा जोर लागला की पाना टक् करायचा. मग ते "झालं" म्हणायचे, आणि ती नटावरून शेजारच्या धातूपर्यंत एक सरळ रेघ ओढायची. नट केसभर सरकला तरी रेघ तुटलेली दिसते. रेघ वाकडी आली तर वडील ती थिनरने पुसून पुन्हा काढायला लावत. तिला बत्तिसावं लागलं तरी त्यात सूट मिळाली नव्हती.

इंजिन ऑइल बदलून झालं होतं, ब्रेकचं ऑइलही. चेन धुऊन, वंगण लावून ताणली होती. चार सिलिंडरची, लांब पल्ल्याची ती गाडी घेऊन वडील रविवारी सहाशे किलोमीटरवरच्या मित्राकडे निघणार होते. आई म्हणायची, यांना दारावरची बेल ऐकू येत नाही, पण गाडीची चेन कुरकुरली तर झोपेतून उठतील. त्यातलं पहिलं खरं होतं. दुसरं खरं राहिलं नव्हतं. तसं घरात कुणी म्हणत नसे. वडिलांच्या मते हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलत होते.

शेवटी राहिला मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलचा नट. चेन ताणायला तो ढिला केला होता. वडिलांनी पाना लावला, ओढला, थांबले.

"झालं."

टक् झालं नव्हतं. ती पेन धरून तशीच उभी राहिली. टक् झालं नाही म्हणायचं म्हणजे, बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणायचं.

"ओढ की," वडील म्हणाले. "नटाला लाजतेस काय?"

तिने ओढली. रेघ सरळ आली.

रविवारी एका वळणावर वडिलांची गाडी घसरली. टँकरमधून डिझेल सांडलं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच सकाळी तिथे आणखी दोघे पडले होते. ते कपडे झटकून निघून गेले. वडील उठले नाहीत.

तीन आठवड्यांनी पोलिसांनी गाडी सोडली. तिने ती टेम्पोत चढवून थेट वर्कशॉपमध्ये आणली आणि सर्व्हिसिंग करून द्या म्हणाली.

मेकॅनिकने इंजिनच्या काचेतून ऑइल पाहिलं, ब्रेक ऑइलची डबी पाहिली, चेन बोटाने उचलून पाहिली. हँडल वाकलं होतं, डावी बाजू खरवडून निघाली होती. तेवढं तो करणार होता. पण सर्व्हिसिंग कशाचं करू, त्याने विचारलं. ऑइल मधासारखं आहे. तुमचे वडील टायर बदलायला आले की मला शेवटचा नट आवळू द्यायचे नाहीत, हात बाजूला घे म्हणायचे.

ती म्हणाली, सगळे नट तपासा. का, ते सांगितलं नाही.

तो बॅटरीचा उजेड पाडत एकेका रेघेपाशी गेला. हँडल, पुढचा ब्रेक, पायदान. रेघा सलग होत्या. ती त्याच्या मागे फिरत होती आणि भलतीकडेच बघत होती. खरं तर आता तिला खात्री राहिली नव्हती. त्या सकाळी शेजारी वॉशिंग मशीन चालू होतं, टक् त्यात बुडालं असेल. तीन आठवडे तिने तो क्षण इतक्यांदा उकरला होता की कधी तिला टक् ऐकू यायचं, कधी नाही.

मागच्या चाकापाशी मेकॅनिक उकिडवा बसला.

"ही तुटलीय."

ढिला आहे का, तिने विचारलं. विचारलं की नुसतं मनात म्हटलं, हे तिला कळलं नाही. त्याने पाना लावला. ओढताच पाना टक् झाला. नट हलला नाही.

"घट्ट आहे, ताई. ढिला झाला असता तर रेघ उलट्या बाजूला गेली असती. ही आवळायच्या बाजूला सरकलीय, चांगला पाव फेरा. रेघ काढल्यावर कुणीतरी परत आवळलाय."

पोलिसांनी आवळला असेल का, तिने विचारलं. पोलिसांकडे एवढा मोठा पाना कुठला, मेकॅनिक म्हणाला. आणि हात असा अंदाजाने लागलेला नाही, मोजून लागलाय. हे त्यांचंच काम.

कधी? ती हात धुवायला आत गेली तेव्हा? की रविवारी पहाटे, निघण्याआधी? टक् ऐकू आलं नाही तरी पान्याचा झटका तळहाताला कळत असेल. की त्यांना झटक्याचंही कळलं नव्हतं, फक्त तिचा चेहरा पाहून त्यांनी पाना परत लावला होता? शनिवारी दुपारी जेवताना ते काही बोलले नव्हते. तीही नाही. आणि आवळलाच होता, तर रेघ तुटलेली का ठेवली? जरा वाकडी रेघ न खपणाऱ्या माणसाने?

नट ठीक आहे, काळजी करू नका, मेकॅनिक पुन्हा म्हणाला. ती हो म्हणाली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटतंय की नाही, तिला ठरवता येईना. नवीन रेघ ओढू का, त्याने विचारलं. तिने नको म्हटलं. तो हँडल सोडवायला पुढच्या बाजूला गेला.

ती मागच्या चाकापाशी जमिनीवर बसली.

"बाबा, टक् झालं नव्हतं," ती म्हणाली.

मग तेच पुन्हा म्हणाली, त्यांना ऐकू जायला लागायचं तेवढ्या मोठ्याने.