रिकाम्या कपातला चमचा

घड्याळजीचा कान तयार होता. घड्याळ कानाशी धरले की त्यातला दोष त्याला कळे. त्याचे आजोबा आणि वडील, दोघांनीही उदासीने अंथरूण धरण्याआधी तासन्‌तास रिकाम्या कपात चमचा फिरवला होता. तो आवाज त्याच्या कानांतून कधी गेलाच नाही.

“घराण्यात असलं, तरी बाळात उतरेलच असं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

“जगभरच्या घड्याळांचं ऐकता, आता लेकराचंही ऐका की!” बायको हसली.

त्याने तिच्या पोटाला कान लावला. ठोके भरभर, स्वच्छ येत होते.

“अगदी बिनचूक,” तो सुखावून म्हणाला.

“झालं ना समाधान? मग उठा आता.”

तो उठला नाही. ठोक्यांच्या पाठीमागे, अतिशय संथपणे, एक चमचा रिकाम्या कपात फिरू लागला होता.