चाळीस मिनिटांचं गिऱ्हाईक

लोकांचे तळपाय दाबून देणं हा माझ्या बायकोचा व्यवसाय. दिवसाला सात-आठ जणांचे पाय तिच्या हातात असतात. घरी मी पाय पुढे केले की म्हणते, "आज नको, हात भरून आलेत." माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी खोट्या नावानं वेळ घेतली आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसलो.

मला पाहून तिची पापणीही हलली नाही. माझे पाय कोमट पाण्यात ठेवत म्हणाली, "पहिल्यांदाच आलात ना? चाळीस मिनिटं लागतील. टाचेपासून सुरू करते. मध्येच कुठे कळ आली तर सांगा, मी हात हलका करीन."

काय तो आवाज! माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. चाळीस मिनिटं कशीबशी गप्प बसलो. ती पाय पुसायला लागली तेव्हा मात्र राहवलं नाही.

"परक्यांशी इतकं गोड बोलतेस? असं काय आहे गं त्यांच्यात?"

तिनं टॉवेलची घडी घातली.

"जाताना विचारतात, 'ताई, तुमचे हात नाही का दुखत?'"